डोळ्यांच्या दवाखान्यांची मोजदाद नीट करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्च संपला की पेपरात एक बातमी ठरलेली असते, अमुक जिल्ह्याने मोतीबिंदू ऑपरेशनचं टार्गेट पूर्ण केलं, एकशे अमुक टक्के, सोबत हिरवी पट्टी बांधलेल्या आजी-आजोबांचा रांगेत बसलेला फोटो आणि मागे साहेब लोक उभे. बातमी खोटी नसते, ऑपरेशनं झालेलीच असतात आणि त्या म्हाताऱ्या माणसांना दिसायला लागतं हेही खरंच. पण या बातमीवरून आपल्याकडे डोळ्यांची सेवा भक्कम आहे असं जे आपण समजून चालतो ना, तिथे माझा आक्षेप आहे, आणि हे बाहेर बसून बोलत नाही, कारण मी स्वतः सरकारी खात्यात नेत्र चिकित्सा अधिकारी होतो आणि ते टार्गेटचे फॉर्म भरण्यात माझी बरीच वर्षं गेलीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणजे डॉक्टर नव्हे. ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात जो माणूस तुमची नजर तपासतो, चष्म्याचा नंबर काढतो, शाळेत जाऊन पोरांचे डोळे बघतो, मोतीबिंदूचे पेशंट शोधून गाडीत बसवून ऑपरेशनला पाठवतो आणि पुन्हा तपासायला बोलावतो, तो. आमच्या मंथली रिपोर्टमध्ये रकाने असायचे, लक्ष्य किती, साध्य किती, टक्केवारी किती. ऑपरेशन झालेल्या माणसाला सहा आठवड्यांनी प्रत्यक्षात किती दिसतंय ते आम्ही रजिस्टरला लिहायचो, पण मीटिंगमध्ये त्या रजिस्टरबद्दल कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. विचारायचे ते आकड्याबद्दल, आणि आकडा कमी असला की मग फेब्रुवारी-मार्चमध्ये जी पळापळ व्हायची ती विचारू नका.

आधी जे चांगलं झालंय ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल निवृत्त माणूस नुसता कुरकुर करतोय. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश, १९७६ साली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रोजेक्ट झाला, त्यात आपला महाराष्ट्रही होता, १ कोटी १० लाख ऑपरेशनचं उद्दिष्ट होतं आणि झाली दीड कोटीच्या वर. त्याच काळात शाळेच्या वर्गात किंवा मंगल कार्यालयात टेबलं लावून ऑपरेशनं करायची पद्धत मागे पडली, पेशंटला पक्क्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आणायचं ठरलं, आणि जाड भिंगाच्या चष्म्याऐवजी डोळ्यात लेन्स बसायला लागली. आज देशात वर्षाला ६० लाखांच्या वर मोतीबिंदूची ऑपरेशनं होतात (कोविडच्या वर्षात आपटी खाल्ली, पण ते सगळ्याच सर्जरीचं झालं). एवढी ऑपरेशनं करणारे देश जगात फारसे नाहीत. हे मोठं काम आहे आणि माझ्यासारख्या हजारो लोकांचा त्यात हातभार आहे, त्याचा अभिमान आहेच.

आता दुसरी बाजू. दिल्लीच्या एम्समधल्या डोळ्यांच्या केंद्राने, म्हणजे आर. पी. सेंटरने, केंद्र सरकारसाठी २०१५ ते २०१९ मध्ये देशभराचा सर्व्हे केला. त्यात अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्के आलं, आधीच्या २००६-०७ च्या सर्व्हेत ते १ टक्का होतं, आणि सगळीकडे छापून आलं की बघा किती कमी झालं. कमी झालंच आहे, वाद नाही, पण मधल्या काळात २०१७ साली आपण अंध कोणाला म्हणायचं याची व्याख्याच बदलली, आधी ६/६० पेक्षा कमी दिसणारा (म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला जे ६० मीटरवरून दिसतं ते ज्याला ६ मीटरवरूनही दिसत नाही तो) अंध धरायचे, आता ३/६० पेक्षा कमी दिसणारा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या घेतली. त्यामुळे काही लोक डोळे तसेच राहूनही यादीतून बाहेर गेले. व्याख्या बदलायला हरकत नाही, पण दोन आकडे शेजारी छापताना खाली एक ओळ तरी हवी की नको?

त्याच सर्व्हेत पन्नाशीच्या पुढच्या लोकांमध्ये अंधत्वाची कारणं दिलीत. पहिलं कारण अर्थातच ऑपरेशन न झालेला मोतीबिंदू, ६६.२ टक्के. दुसरं कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) पांढरा पडणं, ८.२ टक्के. आणि तिसरं कारण काय, तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधली कॉम्प्लिकेशन्स, ७.२ टक्के! काचबिंदूपेक्षाही वर. म्हणजे जे अंध सापडले त्यांच्यातल्या शंभरातल्या सातजणांपर्यंत सेवा पोचली होती, ऑपरेशन झालं होतं, कुठल्यातरी रिपोर्टच्या "साध्य" या रकान्यात त्यांची नोंदही झाली असणार, आणि तरी ते अंध होते. हा आकडा वाचल्यावर मला दोन दिवस बरं वाटलं नाही.

म्हणून म्हणतो, दवाखान्यांची क्षमता मोजायची तर ऑपरेशन किती केली यापाशी थांबून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना निकष होता की मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर शंभरातल्या किमान ८० जणांना ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसायला हवं. आता तर त्याच्याही पुढे गेलेत. २०२१ च्या जागतिक आरोग्य सभेत सगळ्या देशांनी मान्य केलं की २०३० पर्यंत मोतीबिंदू ऑपरेशनची "परिणामकारक व्याप्ती" ३० पॉइंटने वाढवायची आणि चष्म्याची ४० पॉइंटने. परिणामकारक म्हणजे, ज्यांना ऑपरेशनची गरज होती त्यांच्यातल्या किती जणांचं ऑपरेशन झालं *आणि* त्यांना नंतर नीट दिसतंय, इथे नीट म्हणजे ६/१२. ऑपरेशन झालं पण दिसत नाही असा माणूस या हिशोबात "साध्य" धरतच नाहीत. आपल्या मार्चच्या बातम्यांना ही गाळणी लावून बघा, एकशे अमुक टक्क्यांचं काय उरतं ते.

आता क्षमता म्हणजे नक्की काय, यावर जरा सविस्तर बोलतो कारण इथेच सगळा घोळ आहे. सरकारी कागदावर क्षमता म्हणजे मंजूर पदं, खाटा आणि मशिनी. डेपोत उभ्या असलेल्या एसट्या मोजून सेवा कशी आहे ते कळत नाही, ड्रायव्हर किती हजर आणि टायर कशाचे चांगले ते बघावं लागतं, तसंच हे. खाटांचं तर मोतीबिंदूत काही कामच उरलं नाही, सकाळी ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी अशी पद्धत आहे, तरी आपण अजून खाटा मोजतो.

ऑपरेशनचा एक दिवस डोळ्यासमोर आणा. पेशंट आलेत, डॉक्टर आलेत. पण डोळ्यात कुठल्या नंबरची लेन्स घालायची ते ठरवायला ए-स्कॅन आणि केराटोमीटर लागतं, आणि ए-स्कॅनचा प्रोब बिघडलाय. मग काय, दुसरीकडे पाठवून माप आणायचं किंवा सरसकट एकाच नंबरची लेन्स घालायची, जे एकेकाळी व्हायचंच, आणि मग ऑपरेशन टेक्निकली छान पण माणसाला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा कोणी देत नाही. प्रोब चालू असेल तर ऑटोक्लेव्ह (हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) एकच आहे, इन्स्ट्रुमेंटचे सेट तीनच आहेत, एक सेट निर्जंतुक होऊन परत येईपर्यंत डॉक्टर हात धुऊन बसलेत. किंवा सेट भरपूर आहेत पण आलेल्यांपैकी कितीतरी जणांची शुगर नाहीतर बीपी एवढं वाढलंय की फिजिशियन फिटनेस देत नाहीत, आणि ही शुगर आदल्या आठवड्यात गावातच तपासली असती तर त्या लोकांचा हेलपाटा वाचला असता. अशा दिवशी त्या दवाखान्याची क्षमता किती? कागदावर वीस, हातात सात. आणि ही सात का झाली याचं कारण प्रत्येक दवाखान्यात वेगळं असतं, ते तिथे जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

मशिनींचं म्हणाल तर एका ठिकाणी याग लेझर आलेलं मी पाहिलंय (मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लेन्सच्या मागचं पातळ आवरण गढूळ होतं ते याने साफ करतात), चांगलं नवं कोरं मशीन, पण इन्स्टॉलेशनला इंजिनिअर आला नाही, मग आला तर वायरिंग बरोबर नाही, वायरिंग झालं तर ते वापरणाऱ्या डॉक्टरांची बदली. खोक्यावर कुणीतरी फायली ठेवायला सुरुवात केली. डेडस्टॉक रजिस्टरला मात्र ते "उपलब्ध" होतं आणि राज्याला गेलेल्या रिपोर्टमध्येही उपलब्धच. मेंटेनन्सचा करार नसलेलं मशीन हे मशीन धरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, एखादा बल्ब गेला म्हणून स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून तपासायचं यंत्र) महिनोन्‌महिने कापड पांघरून बसलेला असतो.

माणसांचंही तेच. मंजूर पदं वेगळी, भरलेली वेगळी, आणि भरलेल्यातला प्रत्यक्ष ऑपरेशन करणारा आणखी वेगळा. डोळ्यांचा डॉक्टर आहे म्हणून यादीत नाव आहे पण त्यांच्याकडे पोस्टमार्टेमची ड्युटी, व्हीआयपी ड्युटी, अपंगत्वाची सर्टिफिकेटं, कॅज्युअल्टी, मग ओटीचा दिवस आठवड्यातून एक, तोही सुट्टी आली की गेला. उलट बाजूने, खाजगीतले एकच सर्जन तीन-चार दवाखान्यांत आणि एखाद्या ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये जातात आणि प्रत्येक ठिकाणच्या बोर्डावर त्यांचं नाव असतं. दवाखान्यांकडून आलेल्या याद्यांची नुसती बेरीज केलीत तर एका माणसाचे चार डॉक्टर होतात, आणि तेही सगळे शहरात.

खाजगीचा विषय निघालाच आहे तर, आपल्या देशात डोळ्यांचे बहुतेक दवाखाने खाजगी आहेत, बाकीचे सरकारी आणि ट्रस्टचे. मग देशाची क्षमता मोजताना फक्त सरकारी दवाखाने धरले तर ते अर्धवट आणि सगळे सरसकट धरले तर तेही फसवं, कारण ज्या दवाखान्याचं बिल परवडत नाही तो दवाखाना त्या माणसापुरता नसल्यात जमा आहे. कोणत्या दवाखान्यात सरकारी योजनेत उपचार होतात, कोणत्या ट्रस्टमध्ये गरिबाला फुकट होतं, हे वेगळं मोजायला हवं.

आणि डोळ्यांची सेवा म्हणजे मोतीबिंदू एवढंच डोक्यात बसलंय ते काढायला हवं. मी एकच उदाहरण देतो कारण याच्याइतकं घड्याळाला बांधलेलं दुसरं काही नाही. वेळेआधी जन्मलेली बाळं, दोन किलोपेक्षा कमी वजनाची किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेली, त्यांच्या रेटिनाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) रक्तवाहिन्या नीट वाढलेल्या नसतात, त्याला आरओपी म्हणतात. अशा बाळाचा डोळा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो, आणखी लवकर जन्मलेल्या बाळाचा तर दोन-तीन आठवड्यांतच. दोष सापडला तर लेझर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांत व्हायला लागतं. उशीर झाला तर पडदा सुटतो आणि मग पुढे आयुष्यभर काही करता येत नाही. आता आपण नवजात बालकांचे अतिदक्षता विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत काढले, फार चांगलं केलं, आधी जी बाळं दगावायची ती जगायला लागली. पण त्याच बिल्डिंगमध्ये आठवड्यातून एकदा येऊन या बाळांची रेटिना बघणारा डॉक्टर आहे का? हा प्रश्न डोळ्यांच्या विभागाच्या फॉर्ममध्ये नाही कारण पेशंट बालरोग विभागाचा, आणि बालरोगाच्या फॉर्ममध्ये नाही कारण अवयव डोळा. डिस्चार्ज कार्डावर "डोळे तपासून घ्या" असं एका ओळीत लिहिलेलं असतं, आणि आईला वाटतं बाळ तर छान टकामका बघतंय. लहान मुलांच्या बाकीच्या ऑपरेशनचंही तसंच, जन्मजात मोतीबिंदूला पूर्ण भूल लागते, म्हणजे लहान बाळाला भूल देऊ शकणारा डॉक्टर पाहिजे, तो नसेल तर डोळ्यांचे सर्जन कितीही हुशार असोत, काय करणार.

डायबेटिसबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) अभ्यासाचा आकडा आला, देशात १० कोटींच्या वर डायबेटिसचे पेशंट. वर ज्या सर्व्हेचं सांगितलं त्याच सुमारास आर. पी. सेंटरने पन्नाशीपुढच्या डायबेटिसवाल्यांचे डोळे तपासले तर साधारण सहातल्या एकाच्या पडद्यावर परिणाम सापडला. या सगळ्यांचा पडदा वर्षातून एकदा बघायचा म्हणजे किती तपासण्या झाल्या त्याचा हिशोब तुम्हीच करा. डोळ्यांचे डॉक्टर हे एकट्याने करूच शकत नाहीत. फंडस कॅमेरा (पडद्याचा फोटो काढणारा) घेऊन शिकलेला टेक्निशियन फोटो काढेल, फोटो दुसरीकडे वाचला जाईल आणि ज्याला लेझर लागतं तोच पेशंट डॉक्टरकडे जाईल, अशी व्यवस्था लागते. मग मोजायचं काय, तर जिल्ह्यात चालू कॅमेरे किती आणि लेझर कुठे आहे, किती किलोमीटरवर.

नेत्रदानाचंही असंच. पंधरवडा साजरा होतो, फॉर्म भरले जातात, सगळं उत्साहात. पण मृत्यूनंतर साधारण सहा तासांत डोळे काढायला कोणीतरी पोचावं लागतं, आणि जे जमा होतात त्यातलेही जवळपास निम्मेच कॉर्निया रोपणाला वापरले जातात. प्रतिज्ञापत्रांचा गठ्ठा म्हणजे आय बँकेची क्षमता नाही, एवढं बोलून पुढे जातो.

कोणी म्हणेल डॉक्टरच कमी आहेत तर काय मोजून उपयोग. उपयोग आहे. मदुराईला डॉ. जी. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं, आज तिथे एकेक सर्जन बाकी दवाखान्यांच्या कितीतरी पट ऑपरेशनं करतो. त्यात जादू नाही. खेड्यातल्या बारावी झालेल्या मुलींना दोन वर्षं शिकवून त्यांच्याकडे नजर तपासणं, मापं घेणं, समुपदेशन, ओटीतली मदत असं सगळं दिलं, सर्जनपुढे दोन टेबलं ठेवली, एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा पेशंट तयार, म्हणजे सर्जनने फक्त जे सर्जनलाच येतं तेवढंच करायचं. लेन्स महाग होती तर १९९२ मध्ये स्वतःचा कारखाना काढून ती स्वस्त केली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेने खाली गावपातळीवर व्हिजन सेंटर (नजर तपासायची छोटी केंद्रं) आणि वर मोठं हॉस्पिटल अशी उतरंड रचली. या लोकांना काम कुठे अडतंय ते माहीत होतं कारण ते रोज मोजत होते. आपल्याकडे ऑप्टोमेट्रिस्ट आणि नेत्र चिकित्सा अधिकारी यांना क्षमतेत धरायचंच नाही अशी रीत पडलीय, (हे मी आमच्या लोकांची बाजू घेऊन बोलतोय हे कबूल) पण चष्म्याने बरं होणारं कमी दिसणं तर सगळं त्यांच्याच हातात आहे.

आणि न मोजता रेटलं की काय होतं ते आपण बघितलंय. २०१५ मध्ये मध्य प्रदेशात बडवानीला, २०२१ मध्ये बिहारात मुजफ्फरपूरला, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर इन्फेक्शन होऊन अनेकांचे डोळे गेले, काहींचे तर काढून टाकावे लागले. प्रत्येक वेळी चौकशी, निलंबन, नुकसानभरपाई. पण त्या ओटीत एका दिवसात सुरक्षितपणे किती ऑपरेशनं होऊ शकतात, ऑटोक्लेव्ह किती, सेट किती, हा आकडा आधी कुठे लिहून भिंतीवर लावलेला असता तर कोणीतरी म्हणू शकलं असतं की आज एवढेच, बाकीचे परवा.

यासाठी नवीन काही शोधायची गरज नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेने डोळ्यांच्या सेवांचं मूल्यमापन करायला प्रश्नावली तयार करून ठेवलीय, त्यात नेतृत्व, पैसा, माणसं, सेवा, साधनं, माहिती असे भाग आहेत, कोणताही देश ती वापरू शकतो. लोकांमध्ये गरज किती आहे ते बघायला पन्नाशीपुढच्या लोकांचा जलद सर्व्हे असतो, एका जिल्ह्यात काही हजार लोक तपासले की काही आठवड्यांत चित्र हातात येतं, आणि ऑपरेशन का केलं नाही हेही त्यात विचारतात. गंमत म्हणजे उत्तर दर वेळी पैसे नाहीत असंच नसतं, सोबत यायला कोणी नाही असंही असतं. दवाखान्यांची मोजदाद आणि लोकांची मोजदाद या दोन्ही जिल्हावार एकत्र ठेवल्या पाहिजेत, कारण देशाचा सरासरी आकडा कोणाच्याच कामाचा नाही. ज्या जिल्ह्यात सर्जन ढीगभर त्याची आणि जिथे एकही नाही त्याची सरासरी काढून दोन्हीकडे पुरेसे डॉक्टर आहेत असं म्हणता येतं, आणि म्हटलं जातंही.

सरकार करेल तेव्हा करेल. तुमच्या पेपरला एक विनंती आहे. तुमचे वार्ताहर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज टाकायला लावा, जिल्हा रुग्णालयाला आणि उपजिल्हा रुग्णालयांना. गेल्या वर्षी डोळ्यांची ओटी प्रत्यक्षात किती दिवस चालली. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी किती पेशंट तपासले गेले आणि त्यातल्या किती जणांना ६/१८ किंवा चांगलं दिसत होतं. कोणकोणती मशिनं आज बंद आहेत आणि कधीपासून. नवजात विभागात रेटिना बघायला डॉक्टर शेवटचे कधी आले होते. उत्तरं येतील तशी जिल्हावार छापा, आणि जिथून "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं उत्तर येईल तेही जिल्ह्याच्या नावासकट छापा.

आपला,
एक निवृत्त नेत्र चिकित्सा अधिकारी